पाटावरचे ग्रंथ हाती घ्या!

(सरस्वतीपूजन व विजयादशमीनिमित्त)

आश्विन शुद्ध पक्षात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन करावे, पूर्वाषाढा नक्षत्रावर पूजन करावे, उत्तराषाढेवर बलिदान आणि श्रवणावर विसर्जन करावे, असा आपल्या धर्मशास्त्राचा संकेत आहे. याच पर्वात खंडेनवमी येते. त्या दिवशी शेतकरी नांगराचा फाळ व विळा धुऊन ठेवतो, सुतार रंधा व पटाशी मांडतो, शिंपी कात्रीला हळदकुंकू वाहतो आणि दुकानदार तराजूला झेंडूची माळ घालतो. ज्या घरात पोथ्यांचा पाट मांडला जातो, त्याच घरात औजारांचाही पाट मांडला जातो. ज्ञान आणि हातचे कौशल्य या दोहोंना आपल्या पूर्वजांनी एकाच देवीच्या पदराखाली बसविले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तथापि पूजा आटोपल्यावर काय होते? औजार दुसऱ्याच दिवशी कामाला लागते, कारण त्यावाचून पोट चालत नाही. ग्रंथ मात्र पुष्कळ घरी पुन्हा लाल फडक्यात गुंडाळला जातो आणि फडताळात जाऊन बसतो, तो थेट पुढच्या नवरात्रापर्यंत. पुढे कधी घराची वाटणी होते, जुने घर पाडून नवे बांधावयास काढतात, तेव्हा आजोबांची पेटी उघडली जाते. आणि ज्या पानांवर वर्षानुवर्षे गंधफूल वाहिले, ती पाने रद्दीच्या तराजूत पडतात. ही हानी पैशांत मोजता येण्याजोगी नाही.

कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेता घेता श्रोते प्रश्न विचारतात. वयोवृद्ध मंडळी विचारतात, “महाराज, मेल्यानंतर पुढे काय?” माताभगिनी विचारतात, “पोथी तर नेमाने वाचतो; पण आणखी काय वाचावे?” आणि तरुण मुले, थोडी बाजूला उभी राहून, विचारतात, “हे सारे वाचून हाताला काम मिळते काय?” तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्ञानेश्वरी, हरिपाठ, गुरुचरित्र, शिवलीलामृत आणि आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे घरोघरी वाचला जाणारा दासगणू महाराजांचा गजाननविजय हे ग्रंथ सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यांची शिफारस मी पामराने काय करावी? या लेखात त्यांच्या पाठीमागे झाकून राहिलेल्या काही ग्रंथांची ओळख करून द्यावयाची आहे. निवडताना कसोटी एकच लावली आहे : जो ग्रंथ मिटल्यावर उद्याच्या वागण्यात किंवा हातातल्या कामात काही उतरते, तो घेतला आहे.

सारस्वतपुराची आठवण

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. सावनेरचे प्राचीन नाव सारस्वतपूर होते, असे सांगणारी एक परंपरा आहे आणि तिचा धागा ‘जैमिनी अश्वमेध’ या ग्रंथाशी जोडला जातो. युधिष्ठिराच्या अश्वमेधाचा घोडा फिरत फिरत सारस्वतपुरास येतो. तेथील राजा वीरवर्मा. त्याची कन्या मालिनी हिने मनुष्य वर नाकारून साक्षात यमधर्मालाच वरले आणि यम त्या राजाचा जामात झाला, अशी ही कथा आहे. ज्याच्या नावाने जग कापते, तोच येथे घरचा जावई होऊन नांदतो! मृत्यूशी सोयरीक करणाऱ्या या कन्येचे आख्यान कीर्तनाला किती अनुकूल आहे, हे जाणत्यास सांगावयास नको. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी (१६५८ ते १७२९) हा ग्रंथ मराठी ओवीत आणला आहे. पांडवप्रताप व हरिविजय यांच्या पुण्याईने श्रीधरांचे नाव घरोघरी गेले, परंतु त्यांचा जैमिनी अश्वमेध आज क्वचितच कोणी उघडतो. सावनेर परिसरातील घरांनी तरी तो अवश्य वाचावा.

विदर्भभूमीची ग्रंथसंपदा

मराठीतील आद्य ग्रंथांत ज्याची गणना होते तो ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांचा. परंपरेने त्याचा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानतात, ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे शंभर वर्षे. रचनास्थळ म्हणून मराठवाड्यातील अंबाजोगाईचे नाव घेतात, तसेच आपल्या जिल्ह्यातील वैनगंगातीरीच्या आंभोऱ्याचेही घेतात. आंभोऱ्यास संगमावर स्नान करून येणारे पुष्कळ असतात, पण तेथून परतल्यावर विवेकसिंधु हाती घेणारे थोडे. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने, पूर्वार्ध व उत्तरार्ध मिळून १८ प्रकरणांत, शांकर अद्वैताचा विचार यात क्रमाने मांडला आहे. देह म्हणजे काय, पंचमहाभूतांपासून तो कसा घडला, त्याहून वेगळा ‘मी’ कोण, अशा पायरीपायरीने ग्रंथ वर चढतो. भाषा जुनी आहे. यास्तव टिपांसह छापलेली प्रत घ्यावी आणि रोज दहाच ओव्या वाचाव्यात.

दुसरा ग्रंथ ‘लीळाचरित्र’. शके १२०० च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी तो सिद्ध केला. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्यापाशी होत्या, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या, पडताळून पाहिल्या आणि साध्या बोलक्या गद्यात लिहून ठेवल्या. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र त्यात चालताबोलता दिसतो : त्याचे बाजार, जेवणखाण, वाटेवरचे मुक्काम, बायामाणसांचे बोलणे. महानुभाव पंथाचा ग्रंथ म्हणून इतर घरांनी त्यास दूर ठेवण्याचे कारण नाही. सत्पुरुषाचे चरित्र ऐकीव चमत्कारांवर न सोडता किती काळजीने नोंदवावे, याचा तो वस्तुपाठ आहे.

तिसरे नाव प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज यांचे. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ साली पुण्यास देहावसान. अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य. तेवढ्यात त्यांनी लहानमोठे शंभराहून अधिक ग्रंथ व प्रकरणे सांगून लिहविली. इतरांकडून वाचवून घ्यावयाचे, स्मरणात ठेवावयाचे आणि मग त्यावर निरूपण करावयाचे, असा त्यांचा क्रम होता. डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला, ही गोष्ट आजच्या महाविद्यालयीन मुलांना मुद्दाम सांगावी. त्यांचा ‘साधुबोध’ हा ग्रंथ प्रथम घ्यावा. साधकाच्या मनात उठणाऱ्या शंकांची उत्तरे त्यात आहेत. ज्यांना देह व मन यांच्या आरोग्याची जिज्ञासा असेल त्यांनी पुढे ‘मानसायुर्वेद’ पाहावा. डोळे असून न वाचणाऱ्या आपणा सर्वांना या एका चरित्राने लाज वाटावी.

पुनर्जन्माचा विचार

आता वृद्ध मंडळींच्या प्रश्नाकडे वळू. नवरात्रात घरोघरी सप्तशतीचा पाठ होतो. तेरा अध्यायांची ही सप्तशती मार्कंडेय पुराणाचा एक भाग आहे, हे पाठ करणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानी असते? त्याच पुराणात थोडे आधी एक पितापुत्रसंवाद आहे. मुंज झालेल्या मुलाला पिता सांगतो, आता वेदाध्ययन कर, मग गृहस्थ हो. सुमती नावाचा तो मुलगा गप्प असतो, म्हणून लोक त्यास ‘जड’ म्हणत. पित्याने वारंवार टोकल्यावर तो हसून सांगतो की, हे सारे मी अनेक जन्मांत केलेले आहे, मला ते आठवते. आणि मग पित्यालाच तो जन्ममरणाची वाट समजावून देतो. बाप शिष्य आणि मुलगा गुरू, असा हा मनोवेधक प्रसंग आहे. यंदा सप्तशतीची समाप्ती झाली की हा संवाद अवश्य वाचावा.

सरस्वतीच्या उपासकांसाठी तर योगवासिष्ठातील लीलोपाख्यान म्हणजे नैवेद्याचे ताटच होय. पद्म राजाची राणी लीला सरस्वतीची आराधना करून वर मिळविते. पती निवर्तल्यावर देवी तिला ज्ञानदृष्टीने दाखविते की, हाच जीव पूर्वी वसिष्ठ नावाचा एक गरीब ब्राह्मण होता. राजाची मिरवणूक पाहून त्याच्या मनात राज्यभोगाची वासना उठली आणि त्या वासनेतूनच त्याचे हे राजेपण निर्माण झाले. विशेष असे की, राजाचे अख्खे आयुष्य सरले, तरी त्या झोपडीत ब्राह्मणाच्या मृत्यूला आठच दिवस झालेले असतात! काळ आणि जन्म या दोहोंविषयीची आपली ठाम समजूत ही कथा मुळापासून हलविते. एका क्षणाची तीव्र इच्छा जिवाला कोठवर ओढून नेते, हे तीत उघड दिसते.

गरुडपुराणाचे नाव उच्चारण्यासही लोक भितात, कारण घरी कोणी गेल्यावरच त्याची आठवण होते. ज्या दिवसांत ते वाचले जाते, त्या दिवसांत ऐकणाऱ्याचे चित्त ठिकाणावर नसते. नौनिधिरामकृत ‘गरुडपुराण सारोद्धार’ हा १६ अध्यायांचा आटोपशीर ग्रंथ आहे. यममार्गाची वर्णने प्रारंभी येतात आणि बहुतेकांचे कान तेथेच अडकतात. शेवटचा अध्याय मोक्षविचाराचा आहे आणि बाह्य वेषापेक्षा, नुसत्या पाठांतरापेक्षा ज्ञानाची थोरवी त्यात निःसंकोचपणे सांगितली आहे. सुतक नसताना, शांत चित्ताने, हा शेवटचा अध्याय प्रथम वाचावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

आधुनिक काळात या विषयाची चौकशी कोणी केली काय, असे सुशिक्षित तरुण विचारतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसोपचाराचे प्राध्यापक इयान स्टीव्हन्सन (१९१८ ते २००७) यांनी पूर्वजन्म आठवतो असे सांगणाऱ्या मुलांच्या हकीकती देशोदेशी हिंडून तपासल्या. निवडक वीस हकीकतींचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. या वीसांतील काही आपल्या देशातील आहेत. आपणास अधिक जवळची हकीकत त्यांच्या १९८४ सालच्या ग्रंथात आहे, आणि ती थेट नागपूरची आहे. एक मराठी स्त्री १९७४ पासून मधूनमधून मराठी विसरून बंगाली बोलू लागे आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगालमधील गृहिणीप्रमाणे वागे, असे तीत नोंदले आहे. या स्त्रीचा बंगाली लिपीशी आधी थोडा परिचय झालेला होता, म्हणून काही अभ्यासकांनी पुनर्जन्माचा निष्कर्ष मान्य केला नाही. स्टीव्हन्सन यांनीही आपल्या पहिल्या ग्रंथाच्या नावातच ‘सूचक’ या अर्थाचा शब्द घातला. ‘सिद्ध’ असा शब्द वापरला नाही. श्रद्धावंतांनी हा संयम शिकण्यासारखा आहे. आपली श्रद्धा श्रुतिस्मृतींवर उभी आहे. तिला वर्तमानपत्रातील नवलकथांचे टेकू लागत नाहीत.

येथेच एक इशारा देणे कर्तव्य समजतो. मागील जन्म सांगतो, त्या जन्मीचा दोष काढतो, असे म्हणून दक्षिणा मागणारे लोक भेटतात आणि आजारी माणसाच्या घरी त्यांचे फावते. पातंजल योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात पूर्वजन्मज्ञानाचा उल्लेख आहे, पण ते ज्ञान आपल्याच चित्तातील संस्कारांच्या साक्षात्काराने होते, असे तेथे म्हटले आहे. दुसऱ्याने पैसे घेऊन सांगण्याची ती वस्तू नव्हे. आजाऱ्यास वैद्याकडे न्यावे आणि चित्तातील संस्कार स्वतः तपासावेत.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो की, साधना अर्धवट राहिली तर त्या साधकाचे काय होते. भगवंतांनी त्याला अभय दिले आहे. असा जीव शुद्ध आचरणाच्या किंवा योग्यांच्या घरी जन्म घेतो आणि पूर्वीचा अभ्यासच त्याला पुढे खेचून नेतो, असा त्या उत्तराचा आशय आहे. जिवाबरोबर घर जात नाही, शेत जात नाही, पाटावरची पोथीदेखील जात नाही. जातो तो अभ्यास. पुनःपुन्हा करून अंगी मुरलेली सवय. पुनर्जन्माचा विचार वाचून जर काही शिकावयाचे, तर ते हेच की, आज मी कोणता अभ्यास जोडीत आहे?

हाताला वळण देणारे ग्रंथ

अभ्यास म्हटला की तो जपाचा जसा असतो तसा हाताचाही असतो. दासबोध आपण परमार्थाचा ग्रंथ म्हणून वाचतो. परंतु एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रिया’ या विषयाला वाहिलेला आहे. अक्षर कसे घोटावे, ओळी सारख्या कशा ठेवाव्यात, शाई, कागद व लेखणी कशी असावी, पुस्तक कसे बांधावे, हे सारे समर्थ एखाद्या पंतोजीप्रमाणे शिकवितात. ज्या घरी लहान मुले आहेत त्या घरी हा समास विजयादशमीस मोठ्याने वाचावा आणि मुलांकडून त्याप्रमाणे एक पान लिहवून घ्यावे. समर्थांचे ‘बागप्रकरण’ तर फारच थोड्यांना माहीत आहे. बागेत लावावयाच्या वृक्षवेलींची नावेच नावे त्यात ओळीने येतात. आजीला ती झाडे ओळखता येतात, नातवाला येत नाहीत. दोघांनी मिळून ते वाचले तर दोघांचाही वेळ सार्थकी लागेल.

सावनेर, काटोल, नरखेड हा संत्र्यांचा प्रदेश. बागाईतदारांसाठी वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ सुचवितो. सहाव्या शतकातील हा ग्रंथ केवळ ज्योतिषाचा आहे, अशी समजूत आहे, ती अपुरी आहे. ‘वृक्षायुर्वेद’ नावाच्या अध्यायात दोन झाडांतील अंतर वीस हात असावे ते उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात किमान, असे सांगितले आहे. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला तर किमान अंतर अठरा फूट होते. आपल्याकडे संत्र्याची लागवड सहा बाय सहा मीटरवर, म्हणजे सुमारे वीस फुटांवर करण्याची रूढ पद्धत आहे. प्राचीन आचार्यांचे निरीक्षण किती नेमके होते, हे यावरून दिसते. भूमिगत जलाच्या खुणा सांगणारा ‘उदकार्गल’ हाही अध्याय आहे. वारुळे व झाडे यांवरून पाण्याचा माग कसा काढावा, हे त्यात सांगितले आहे. त्यावर विसंबून मात्र कोणी विहिरीचा खर्च करू नये. त्यासाठी भूजलाच्या जाणकारास विचारावे. पूर्वजांनी निसर्गाकडे किती बारकाईने पाहिले, हे समजण्यासाठी तो अध्याय वाचावा.

माताभगिनींसाठी तीन ग्रंथ सांगतो. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथ. पाच विंशतींत शंभर अध्याय आणि त्यांत राज्यकारभारापासून मांड्यांपर्यंत सर्व विषय! कांडण करताना महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात, अशी नोंद या राजाने करून ठेविली आहे. जात्यावरच्या आणि उखळाजवळच्या गाण्याला यापेक्षा मोठा मान कोणता? दुसरा, सतराव्या शतकातील रघुनाथ पंडितांचा ‘भोजनकुतूहल’. तंजावरच्या एकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने या पंडितांनी अन्नपदार्थ व त्यांचे गुणदोष यांचा विचार केला. तिसरा, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५ साली छापलेले ‘सूपशास्त्र’. छापील मराठी पाकग्रंथांतील हा अग्रणी. स्वयंपाक हे शास्त्र आहे, असे नावातच सांगणारे हे पुस्तक सुनांनी वाचावे, आणि मुलांनीही वाचण्यास हरकत नाही.

तरुणांसाठी शेवटी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता. हिचे नाव सर्वांना ठाऊक आहे, परंतु ४१ अध्याय क्रमाने वाचलेली माणसे मोजकीच. ग्रामस्वच्छता, उद्योग, आरोग्य, विवाहातील काटकसर, अंत्यसंस्कार असे विषय त्यात आहेत. हाताला काम मिळते काय, या प्रश्नाला महाराजांनी देवळाच्या ओट्यावरूनच उत्तर देऊन ठेवले आहे.

वाचन कसे करावे

इतकी नावे ऐकून गांगरून जाऊ नये. वर्षास दोन ग्रंथ पुरेत : एक विचाराचा, एक हाताचा. दिवेलागणीनंतर अर्धा तास ठरवावा. एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे आणि वाचलेल्यातील एक गोष्ट दुसऱ्या दिवशी करून पाहावी. हे ग्रंथ दुकानात सहसा मिळणार नाहीत. गावच्या वाचनालयात विचारावे, नागपूरची जुनी ग्रंथालये पाहावीत. संस्कृत ग्रंथांविषयी मार्गदर्शन हवे असल्यास रामटेक येथे १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे.

आणि एक काम याच दसऱ्यास करावे. घरातील जुनी पेटी उघडावी. पाने हलक्या हाताने झटकावीत, सावलीत वारा द्यावा, वेखंडाची पुडी ठेवावी, प्रत्येक ग्रंथाचे नाव वहीत लिहून काढावे. हस्तलिखित निघाल्यास ते नदीत सोडू नये, रद्दीत तर नव्हेच, जाणकारास दाखवावे. कोणास ठाऊक, एखाद्या सारस्वताची हरवलेली ओवी तुमच्याच फडताळात निजलेली असेल.

श्रवण नक्षत्रावर सरस्वतीचे विसर्जन होते, म्हणजे देवी घरातून जाते असे नव्हे. पाटावरून उठून ती वाचणाऱ्याच्या जिभेवर आणि काम करणाऱ्याच्या बोटांत येऊन बसते. तिला तेथे जागा मिळो आणि या जन्मी आरंभिलेला अभ्यास पुढेही आपणा सर्वांची सोबत करो, हीच श्रीशारदेच्या चरणी प्रार्थना.